बीपीची मुळी, बीपीची गोळी

नागपूरच्या प्रताप नगरात रिंग रोडच्या कडेने सकाळी फिरायला निघालेली मंडळी परतताना रसाच्या गाडीशी थांबतात. कारले, आवळा, गुळवेल, दुधी, गव्हांकुर असा सगळा कारभार असतो. ग्लास हातात पडेपर्यंत कुणाच्या तरी बीपीचा वरचा आकडा निघतो आणि सल्ल्यांना ऊत येतो. एकाला अर्जुनाच्या सालीचा काढा लागू पडलेला असतो, दुसऱ्याच्या साळ्याने उपाशीपोटी लसूण खाऊन गोळी सोडलेली असते, तिसऱ्याच्या तर खिशातच सर्पगंधाच्या वटीची डबी असते. यातली एकही वनस्पती थापेबाजीतली नाही. प्रत्येकीचा रक्तदाबाशी असलेला संबंध प्रयोगशाळेत किंवा रुग्णांवर तपासला गेला आहे. त्यामुळे हा विषय हसण्यावारी नेता येत नाही, आणि ‘झाडपाल्याने कसला अपाय’ म्हणून सोडूनही देता येत नाही.

ज्या अर्काने रक्तदाब खरोखर उतरतो, तो अर्क औषध असतो. मग मात्रा, वेळ, दुष्परिणाम आणि दुसऱ्या गोळीशी होणारी भांडणे हे सगळे त्याच्यासोबत घरात येते. याचा सर्वांत भक्कम दाखला शोधायला परदेशी जावे लागत नाही. तो मुंबईत लिहिला गेला.

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख छापून आला. रुग्ण ५०, औषध सर्पगंधाच्या मुळीचे. मुळी अर्थातच नवी नव्हती. १९३१ मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचे औषध म्हणून तिच्याबद्दल लिहिले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी करत होते आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्यांनी एकाला अजमलीन असे नावही देऊन टाकले होते. डॉ. वकिलांचे काम वेगळ्या जातीचे होते. त्यांनी रुग्णांना गोळ्या दिल्या, आकडे पद्धतशीर नोंदवले आणि जगभरचे डॉक्टर वाचतील अशा ठिकाणी ते छापले. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी लेख वाचून हे औषध भारतातून मागवले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतला मुख्य घटक हाती लागला. त्याचे नाव रिसर्पिन. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण ती जास्त महत्त्वाची आहे. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरवला तर माणसे खरोखर वाचतात का, हे साठच्या दशकापर्यंत नीट सिद्ध झालेले नव्हते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांवर केलेला एक प्रयोग १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ च्या दरम्यान होता. निम्म्यांना खोट्या गोळ्या, निम्म्यांना तीन औषधांचे मिश्रण. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, औषधाच्या गटात फक्त २ जणांवर. त्या तीन औषधांपैकी एक होते रिसर्पिन. भारतीय मुळीच्या कर्तृत्वाचा अभिमान बाळगायचा तर तो या आकड्यांचा बाळगावा. वाफाळत्या काढ्याच्या फोटोंखाली फिरणाऱ्या संदेशांचा नव्हे.

मग आज डॉक्टर ती सहसा का लिहून देत नाहीत? याचे उत्तर मुळी शरीरात काय करते त्यात आहे. मज्जातंतूंच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या असतात. रक्तवाहिन्या आवळणारे आणि हृदयाला धावायला लावणारे नॉरअॅड्रिनलिन हे रसायन त्यांत साठवलेले असते. रिसर्पिन या पिशव्या भरणारा पंप बंद पाडते. पिशवीबाहेर राहिलेले रसायन पेशीतले विकर मोडून टाकते, साठा आटत जातो, रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते आणि दाब उतरतो. इथपर्यंत सगळे छान. पण तोच पंप मेंदूतल्या सेरोटोनिन आणि डोपामिन यांच्याही पिशव्या भरतो. १९५७ मध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले तेव्हा ससे जागीच थिजले. एल-डोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले. पार्किन्सनच्या आजाराचे आजचे औषध त्या वाटेने आले आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना मात्र खोल नैराश्य, हातापायांचा ताठरपणा, सतत चोंदलेले नाक आणि पोटातले वाढलेले आम्ल यांना तोंड द्यावे लागले.

शरीर आणखी एक चाल करते. दाब उतरला की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. पावले सुजतात, वजन किंचित वाढते आणि काही आठवड्यांनी ‘औषध लागू पडेनासे’ होते. म्हणून रिसर्पिन एकटे न देता लघवीवाटे मीठ काढणाऱ्या गोळीसोबत देत असत. घरी मुळीचे चूर्ण घेणाऱ्याला ही सोबत मिळत नाही. पहिल्या महिन्यात उतरलेला आकडा तिसऱ्या महिन्यात परत चढला, की तो चूर्णाचा चमचा वाढवतो, आणि नैराश्याच्या दिशेने जाणारा रस्ता नेमका तिथून सुरू होतो.

मात्रेचे गणित तर घरात जमणे अशक्यच. रिसर्पिनची रोजची मात्रा साधारण ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम, ग्रॅम नाही. मुळीत ते किती असेल हे झाडाचे वय, प्रदेश, काढणीचा हंगाम आणि सालीचे प्रमाण यांवर ठरते. शिवाय बाजारात सर्पगंधाच्या नावाखाली तिच्याच वंशातल्या दुसऱ्या झुडपाची मुळे मिसळली जातात. सर्पगंधा जंगलातून इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत; तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या पुडीत खरी मुळी किती, हा प्रश्न विचारलेलाच बरा.

वैद्यांच्या सल्ल्याने सर्पगंधा घ्यायचीच असेल, तर काही गोष्टी आधी स्वच्छ सांगाव्यात. पूर्वी कधी नैराश्याचा झटका येऊन गेला असेल, पोटात व्रण असेल, पार्किन्सनचा कंप असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू असेल किंवा गर्भावस्था असेल, तर ही मुळी आपल्यासाठी नाही. ‘सर्पगंधा घनवटी’ नावाने मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत मुळीसोबत खुरासनी ओवा आणि भांगही असते. खुरासनी ओव्याने म्हाताऱ्या माणसाचे तोंड कोरडे पडते, लघवी अडू शकते आणि क्वचित भ्रमही होतो. त्यामुळे डबीवरचे घटक वाचणे हा चोखंदळपणा नाही, गरज आहे. गोळी आज बंद केली म्हणून परिणाम उद्या थांबत नाही. रिकाम्या झालेल्या पिशव्या भरायला दिवसच काय, आठवडेही लागतात. मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सर्पगंधाबद्दल आपणहून सांगावे. ते बहुतेक वेळा फक्त ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारतात, आणि बहुतेक माणसे त्यात वटी धरत नाहीत.

नागपूरला आयुर्वेदाचे वावडे मुळीच नाही. ज्या शहरातला एक गजबजलेला चौक औषधी कंपनीच्या नावाने ‘बैद्यनाथ चौक’ म्हणून ओळखला जातो आणि सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे वैद्याकडे जाणे ही रोजची गोष्ट आहे. अडचण वैद्याकडे जाण्यात नाही. वैद्याला अॅलोपॅथीच्या गोळ्या आणि डॉक्टरला काढे न सांगण्यात आहे. दोघांनाही अर्धीच गोष्ट कळते आणि रुग्ण मात्र दोन्ही घेतो.

सर्पगंधा जहाल, तर अंबाडी सौम्य. विदर्भात अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून होते, आणि लाल अंबाडीच्या बोंडांची चटणी व सरबतही होते. हिवाळ्यात ही लालबुंद बोंडे बाजारात दिसू लागतात. अभ्यास झाले आहेत ते याच लाल बोंडांवर, म्हणजे फुलाखालच्या मांसल पाकळ्यांवर. पानांच्या भाजीवर नाहीत. ही भाजी खाऊन बीपी उतरते असे सांगणारे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. २०१० साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने ६५ जणांवर केलेला प्रयोग सहा आठवडे चालला. रोज तीन पेले अंबाडीचा चहा, प्रत्येक पेल्यात २४० मिलिलिटर पाणी आणि सव्वा ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या. वरचा आकडा सरासरी ७.२ ने उतरला, तर रंगीत, चवदार पण अंबाडी नसलेले पेय घेणाऱ्यांचा १.३ ने. हे सगळे लोक किंचित वाढलेल्या दाबाचे होते आणि कुणालाही बीपीची गोळी चालू नव्हती.

मेक्सिकोत २००४ मध्ये अंबाडीचा मोजून केलेला अर्क कॅप्टोप्रिल या गोळीच्या बरोबरीचा ठरला. २००७ मध्ये त्याच संशोधकांनी तो लिसिनोप्रिलशी भिडवला तेव्हा मात्र गोळी जिंकली. दुसरा निकाल सांगायला लोक सहसा विसरतात.

अंबाडीचा रंग ज्या अँथोसायनिन द्रव्यांमुळे येतो, तीच रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या साखळीतले एक विकर काही अंशी अडवतात. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या हेच काम करतात, फक्त नेमक्या मात्रेत आणि जास्त जोराने. लघवीचे प्रमाणही थोडे वाढते. साखर आणि कोलेस्टेरॉलवर काही प्रयोगांत किंचित चांगला परिणाम दिसला, काहींत दिसलाच नाही. त्यामुळे मधुमेहाची गोळी कमी करण्यासाठी अंबाडीचा आधार घेऊ नये. दुसरीकडे हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या मूत्रल गोळीचे रक्तातले प्रमाण अंबाडीने वाढू शकते. हिवतापाच्या क्लोरोक्विनचे प्रमाण अंबाडीच्या सरबताने घटते, असे सुदानमधल्या अभ्यासात आढळले होते.

घरात अंबाडी आणायची तर सरबताच्या पाककृतीवर आधी कात्री चालवावी. एका पेल्यात चार चमचे साखर आणि वर ‘चवीपुरते’ पादेलोण घालून केलेले सरबत बीपी उतरवायला निघालेल्या माणसाला उलट दिशेने नेते. वाळलेल्या पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून गाळाव्यात. आंबटपणा सोसत नसेल तर पाणी वाढवावे. ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत किंवा ज्यांना आधीच चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

आता उलट्या बाजूच्या वनस्पतींकडे वळू, कारण नुकसान बहुधा तिकडून होते. ज्येष्ठमध घशाला गोड, खोकल्याला आराम देणारा, आजीच्या बटव्यातला. त्यातले ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातले एक विकर निष्क्रिय करते. हे विकर कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडाच्या दारापाशीच थोपवत असते. पहारा उठला की कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवायचा हुकूम सोडते. सोडियम साठते, पोटॅशियम लघवीतून निघून जाते आणि दाब चढतो. युरोपात बरीच वर्षे दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही सुरक्षित मर्यादा मानली जात होती. २०२४ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातील संशोधकांना तेवढ्यानेही निरोगी तरुणांचा दाब थोडा वाढलेला आढळला. ज्यांना क्लोर्थॅलिडोन किंवा दुसरी मूत्रल गोळी चालू आहे त्यांचे पोटॅशियम आधीच घटण्याच्या बेतात असते. त्यावर महिनाभर ज्येष्ठमधाचा काढा म्हणजे पायात गोळे, थकवा आणि हृदयाच्या ठोक्यांत गडबड. गोळ्या नीट घेऊनही बीपी का उतरत नाही याचा शोध घेताना खोकल्याच्या काढ्याची बाटली तपासावी, असे म्हणूनच सुचवावेसे वाटते. ज्येष्ठमध बंद केल्यावरही परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत.

पचनाच्या चूर्णांचेही तसेच. लवणभास्कर चूर्णात सैंधवासकट चार प्रकारची मिठे असतात, आणि हिंगाष्टकातही सैंधव असते. सैंधव गुलाबी असो की पांढरे, त्यातला मोठा भाग साध्या मिठाचाच, म्हणजे सोडियम क्लोराइडचा. उपवासाला चालते म्हणून बीपीला चालते असे नाही. खाण्याचा सोडा आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तर्री-पोह्यांवरची शेव, जेवणातले पापड, लोणचे, वाळवणातल्या खारोड्या, मुगवड्या, सावजी रस्सा अशा नागपुरी दिवसाचा हिशेब मांडला तर ही मर्यादा दुपारीच संपते. सकाळी चमचाभर अर्जुनचूर्ण आणि रात्री लोणच्याच्या दोन फोडी, हा सौदा मिठाच्याच बाजूने झुकतो.

पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचे मीठ हा त्यावरचा एक चांगला उपाय आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही घेणाऱ्यांनी ते परस्पर सुरू करू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. रोजचे नारळपाणी आणि शेवग्याच्या पानांची भुकटी यांच्याबाबतही हीच खबरदारी.

लसणाबद्दल थोडक्यात. वाढलेला दाब असलेल्यांमध्ये लसणाच्या तयार गोळ्यांनी वरचा आकडा सरासरी ८ च्या आसपास उतरल्याचे अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसते. पाकळी ठेचून दहा मिनिटे ठेवली की कार्यकारी द्रव्य तयार होते. लगेच फोडणीत टाकली तर ते तयार करणारे विकर उष्णतेने मरते. क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन, वॉरफॅरिन घेणाऱ्यांना लसणाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. जेवणातला लसूण चालतो, कॅप्सूल विचारून. अर्जुनाचे झाड विदर्भाच्या नदीनाल्यांकाठी उदंड आहे, त्याच्यावर टसरच्या अळ्याही पोसल्या जातात. त्याच्या सालीवर छातीतले दुखणे आणि हृदयाची कमजोरी यांसंबंधी भारतात छोटे प्रयोग झाले आहेत. रक्तदाबासाठी तेवढा ठोस पुरावा नाही.

आणि रसाच्या गाडीवरचा दुधी? कडू लागला तर तो गिळू नये, तोंडातला घोटही थुंकून टाकावा. दुधीतल्या कडू द्रव्याने रक्ताच्या उलट्या, जुलाब होतात आणि रक्तदाब इतका कोसळतो की रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यावे लागते. २०१० मध्ये दिल्लीत अशा रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) तज्ज्ञांची समिती नेमली होती. ‘औषध कडूच असते’ या समजुतीने पेला संपवणारे लोक या संकटात सापडतात. पेल्यात कारले किंवा गुळवेल मिसळलेली असेल तर दुधीचा कडूपणा ओळखूच येत नाही, म्हणून मिश्र रस टाळलेला उत्तम.

एखादी वनस्पती आपल्याला लागू पडते का, हे पाहण्याची रीत कंटाळवाणी आहे, पण दुसरी नाही. दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटावरचे नको. चहा, तंबाखू, जिना आणि भांडण यांपासून अर्धा तास लांब राहून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या उंचीवर असावा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ आठवडाभर करून पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर दाब वाढलेलाच समजतात. ही सरासरी हातात आल्यावरच डॉक्टरांना सांगून अंबाडी किंवा लसूण सुरू करावे, तेही एका वेळी एकच, आणि चालू गोळीत काडीचाही बदल न करता. महिन्याने पुन्हा आठवडाभर मोजावे. याच काळात मीठ कमी केले, रोज चालायला लागले आणि काढाही सुरू केला, तर श्रेय कुणाचे ते कळणार नाही. रसाच्या गाडीवरच्या बहुतेक चमत्कारांचे स्पष्टीकरण इतके साधे असते: तिथे पोचणारा माणूस रोज तासभर चालून आलेला असतो!

अर्क सुरू करण्याआधी आणि नंतर क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि रक्तातली साखर तपासलेली असावी. पाकिटावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांचे प्रमाण छापलेले नसेल तर ते परत ठेवावे. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. सुट्या पुडीत काय असेल याचा अंदाज त्यावरून करावा. सांधेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि स्टिरॉइडने दाब व साखर दोन्ही चढतात. बीपी मुळापासून घालवतो अशी जाहिरात करायला औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या यादीत रक्तदाब नावानिशी आहे. अशी जाहिरात दिसली की त्या दुकानाची पायरी न चढण्याला तेवढे कारण पुरे. कोणत्याही औषधाचा, वनस्पतीचा असला तरी, त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या शासकीय औषधसुरक्षा क्रमांकावर फुकट कळवता येते.

गोळी सोडण्याची घाई विदर्भाला परवडणारी नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले, १४.३ टक्के. साप नाही, मलेरिया नाही. देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने मांडला. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून आधी निवडलेल्या जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते. त्यातले उपचार अगदीच साधे आहेत: अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोर्थॅलिडोन अशा जुन्या, स्वस्त, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणाऱ्या गोळ्या, ठरलेल्या क्रमाने वाढवत नेणे आणि न आलेल्या रुग्णाला परत बोलावणे. आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे किंवा एका बाजूचा हात गळून पडणे यांपैकी काही दिसले, तर काढा, कांदा, जिभेखालची शेजाऱ्याची गोळी यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यातला काही वेळ सीटी स्कॅनला लागतोच.

दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत: गोळ्यांची पाकिटे, वटीची डबी, चूर्णाची पुडी, खोकल्याची बाटली, गुडघ्याला घेतलेली वेदनाशामके. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनीही दाब चढतो. ‘काही नाही, एक आयुर्वेदिक घेतो’ या वाक्याने डॉक्टरांना काहीच समजत नाही. डबी समोर ठेवली की दोन मिनिटांत समजते.

नागपुरात एप्रिल लागला की या पिशवीची एक जादा फेरी व्हायला हवी. पारा ४५ च्या घरात जातो, घामावाटे मीठ-पाणी निघून जाते आणि हिवाळ्यात बेतलेली मूत्रल गोळी मेमध्ये जड पडते. अंथरुणातून उठताना अंधारी येते, त्यात अंबाडीचे तीन पेले भरीला पडले तर बाथरूमपर्यंत जाणेही अवघड होते. अशा दिवसांत बीपी बसून आणि नंतर मिनिटभर उभे राहून, असे दोन्ही मोजावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिकने खाली येत असेल तर तो वहीत वेगळा लिहून डॉक्टरांना दाखवावा आणि मात्रा त्यांनाच बदलू द्यावी. कूलरच्या थंडाव्यात पाणी प्यायचे राहून जाते, विशेषतः घरातल्या वृद्धांचे. त्यांचा तांब्या दिवसातून दोन-तीनदा दुसऱ्या कुणीतरी भरावा आणि रिकामा झाला की नाही ते पाहावे.